हुलीची बोली आणि तिचा बंदोबस्त

परप्रांतातील मराठी मंडळांत वाचनालय, नाट्यशाखा आणि गणेशोत्सव यांच्या जोडीला पत्त्यांचे एखादे टेबल बहुधा असतेच. पत्ते म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे वडीलधारी मंडळी पूर्वापार म्हणत आली आहेत. परंतु २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार या भारतीय जोडीने सुवर्णपदक पटकावले. तेव्हापासून त्या आक्षेपाची धार थोडी बोथट झाली असावी. या खेळाच्या इतिहासातील एक प्रकरण आम्ही येथे मांडीत आहोत. ते आहे प्रतिपक्षाच्या फसव्या बोलीचे आणि तिच्यावर शोधून काढलेल्या उपायांचे.

ब्रिजमध्ये समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. पाने उतरण्यापूर्वी बोली चालते : हुकूम कोणता आणि हात किती. ही बोली एकाच वेळी करार असते आणि निरोपही. ‘माझ्याजवळ बदाम लांब आहेत, बळही आहे’ हे भिडूला सांगण्याचा तोच एक सनदशीर मार्ग. मात्र हा निरोप चव्हाट्यावर दिला जातो. तो प्रतिपक्षालाही ऐकू येतो. म्हणूनच हातात नसलेली पाने असल्याचे भासवून प्रतिपक्षाला हूल देण्याचा मोह निर्माण होतो.

आजच्या काँट्रॅक्ट ब्रिजचा पाया हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली घातला. लॉस एंजलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाला जाणाऱ्या जहाजावर त्यांनी गुणदानाची नवी पद्धत प्रचारात आणली. बोलीत जेवढे हात कबूल केले असतील तेवढ्यांवरच गेमचे श्रेय मिळू लागले. अधिकचे हात केले तरी ते गेमसाठी धरले जाईनात. साहजिकच बोलीतील अचूक माहितीला मोल आले, आणि माहितीला मोल आले की खोट्या माहितीलाही येते.

या खोट्या बोलीला ‘सायकिक’ हे नाव मिळाले, ते डोरोथी राइस सिम्स यांच्यामुळे. मोटारसायकल आणि विमान चालविणाऱ्या या धाडसी बाईंनी १९३२ साली या विषयावर पुस्तकच लिहिले. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये एली कल्बर्टसन आणि सिडनी लेंझ यांच्यात १५० रबरांचा गाजलेला सामना चालू होता. डिसेंबर १९३१ मध्ये सुरू झालेला हा सामना जानेवारी १९३२ मध्ये संपला. पंच होते आल्फ्रेड ग्रुंथर, जे पुढे नाटोच्या सैन्याचे सर्वोच्च सेनापती झाले. लेंझ यांचा तरुण भिडू ओस्वाल्ड जेकोबी हुलीच्या बोलीत वाकबगार होता. पण त्या हुलीने प्रतिपक्षाइतकेच लेंझही गोंधळत. दोघांत खटका उडाला आणि जेकोबी सामना अर्धवट सोडून गेला. शेवटी कल्बर्टसन पक्ष ८,९८० गुणांनी जिंकला. हुलीचा पहिला बळी आपलाच भिडू ठरू शकतो, हा धडा त्या टेबलावर सर्वांना मिळाला.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय साध्या बेरजेचा. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १ असे गुण धरले, तर साऱ्या जोडात मिळून ४० गुण होतात. समजा, प्रतिपक्षाने एक बदाम म्हणून बोली उघडली. म्हणजे सुमारे १२ गुण. आपल्या भिडूने डबल दिला; म्हणजे त्याच्याकडेही तितकेच. पुढच्याने रीडबल म्हणून १० गुण दाखविले. झाले ३४. आता आपल्या हाती १० गुण असतील, तर बेरीज ४४ होते, आणि चार गुण जास्त आले कोठून? कोणीतरी थाप मारली आहे. अशा वेळी आपला भिडू खरे बोलतो आहे असे धरूनच पुढचा हिशेब करावयाचा.

दुसरा उपाय जुन्या आणि वारंवार आढळणाऱ्या हुलीवरचा. प्रतिपक्ष एक बदाम बोलतो. आपला भिडू डबल देऊन इतर रंग मागतो. तेवढ्यात पुढचा खेळाडू हाती इस्पिक नसताना एक इस्पिक म्हणतो. हेतू हा की, आपले इस्पिक गाडले जावेत. यावर उत्तर म्हणजे चार इस्पिक असल्यास डबल देणे. त्याचा अर्थ भिडूला कळतो : ‘हा रंग माझा आहे.’ हूल देणारा मग मुकाट्याने बदामाकडे पळतो आणि त्याची चोरी उघडी पडते. पाच इस्पिक असतील, तर बिनधास्त दोन इस्पिक म्हणावे.

तिसरी गोष्ट, हूल कोठून येते याचे भान. पहिले दोघे पास झाल्यावर तिसऱ्या जागेवरून, आणि तोही पक्ष व्हल्नरेबल नसताना, हुलीला जोर चढतो. कारण दंड कमी पडतो. १९८७ च्या नियमांनी हा दंड वाढविला. व्हल्नरेबल नसलेल्या पक्षावर डबल असताना सहा हात कमी पडले, तर पूर्वी १,१०० गुण जात. आता १,४०० जातात. ही सुधारणा केवळ हुलीसाठी नव्हती, तरी उतावळ्या बोलीला तिने आळा घातला.

तिसऱ्या जागेवरील हलक्या बोलीने भिडूची कशी पंचाईत होते, याचे उदाहरण कॅनडातले. टोरांटोचे एरिक मरे अशी बोली सर्रास उघडीत. त्यांचे भिडू डग्लस ड्रुरी यांनी १९५० च्या दशकात दोन किलवरची एक सांकेतिक बोली योजिली; तिचा अर्थ असा की, ‘खरेच पाने आहेत काय?’ तिला आजही ड्रुरी हेच नाव आहे.

येथूनच नीतीचा प्रश्न उभा राहतो. दोन भिडूंनी आपसांत संगनमत करून हुलीचा खुलासा करणारी गुप्त खूण ठरविली, तर ती हूल राहत नाही. ती लबाडी होते. म्हणून नियमांनी नेमकी रेघ आखली. ठरलेल्या अर्थाहून वेगळी बोली देण्याची मुभा आहे. अट एवढीच की, ती खोटी असल्याची शंका प्रतिपक्षापेक्षा भिडूला अधिक येता कामा नये. भिडूची हूल सवयीने ओळखून जो सावध खेळतो, त्याचा फायदा स्पर्धेचा संचालक काढून घेऊ शकतो.

या नियमामागचा विचार आम्हांस मोलाचा वाटतो. ज्याला फसवावयाचे त्याच्याइतकेच अंधारात आपल्या माणसालाही ठेवावे लागेल, ही अट पाळून हूल देण्यास फार थोडे तयार होतात. शतकभराच्या वाटचालीत ब्रिजने फसवणुकीवर बंदी घातली नाही. तिची किंमत मात्र ठरवून दिली. आणि प्रतिपक्षाच्या हुलीवर सर्वांत टिकाऊ उपाय तोच ठरला, जो लेंझ आणि जेकोबी यांना साधला नाही : बेरीज चुकली, तर संशय समोरच्या भिडूवर सर्वांत शेवटी घ्यावयाचा.