धर्मग्रामातली कर्जवही

गावातली माणसे देवाकडे काय मागतात, हे धर्मगुरूंच्या खालोखाल पतपेढीच्या चिटणीसाला ठाऊक असते. वसईतल्या एका लहान पतपेढीचे हिशेब मी बरीच वर्षे सांभाळले. रविवारची मिस्सा आटोपली की माणसे पासबुक घेऊन आमच्या खिडकीशी येत. मुलीचे लग्न, विहिरीतला गाळ, बापाचे ऑपरेशन, वाडीच्या कुंपणावरून भावाशी चाललेला दावा. अर्ध्या तासापूर्वी वेदीसमोर मनातल्या मनात केलेली विनवणी इथे छापील अर्जाच्या रकान्यांत भरायची. खाली दोन जामीनदारांच्या सह्या.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू आकाशातली पाखरे आणि रानातली फुले दाखवून चिंता सोडायला सांगतो. ते प्रवचन मला लहानपणापासून प्रिय आहे. पण ज्याची जमीन सावकाराकडे गहाण पडली आहे, त्याला ते ऐकवायचे तर ऐकवणाऱ्याने त्याच्या चिंतेतले काहीतरी स्वतःच्या अंगावर घ्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे. ज्यांनी तसे घेतले त्यांची गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीत सुरू होते आणि आमच्या वसईतल्या पापडीपर्यंत येऊन पोचते.

फ्रीडरिश व्हिल्हेल्म रायफायझन १८४५ साली वायरबुश नावाच्या गरीब डोंगराळ गावाचा महापौर झाला. वय तिशीच्याही आत. प्रॉटेस्टंट घरातला, बायबल मनापासून मानणारा तरुण. पुढच्याच वर्षी पीक बुडाले आणि १८४६-४७चा हिवाळा उपासमारीचा गेला. सरकारकडून धान्य आले, पण रोख पैसे देणाऱ्यालाच ते मिळेल अशी अट होती. ज्याच्या घरात रोख होती, तो उपाशी नव्हताच. रायफायझनने गावातल्या बऱ्या स्थितीतल्या लोकांकडून पैसा उभा केला, गरिबांना पीठ उधारीवर दिले, सार्वजनिक भट्टी बांधली आणि बाजारातल्या किमतीच्या साधारण निम्म्या दराने पाव विकला. या मंडळाचे नावच ‘पाव मंडळ’. आपण रोज ज्या प्रार्थनेत आजची भाकर मागतो, ती प्रार्थना या माणसाने भट्टीच्या विटांपर्यंत नेली.

त्यानंतर त्याची फ्लामर्सफेल्डला बदली झाली. तिथले दुःख निराळे होते. शेतकरी व्यापाऱ्याकडून गाय उधारीवर घेई, व्याज फुगत जाई, गाय परत जाई आणि कर्ज मात्र दारात उभे राही. १८४९ मध्ये त्याने साठेक सधन माणसांना एकत्र केले. त्यांनी सामाईक हमी घेऊन पैसा उभा केला, गुरे विकत घेतली आणि ती शेतकऱ्यांना पाच वर्षांच्या हप्त्यांवर दिली. पुढे हेडेसडोर्फला १८५४ मध्ये काढलेल्या मंडळाने अनाथ मुलांची आणि तुरुंगातून सुटलेल्यांचीही काळजी घ्यायचे ठरवले. मात्र काही वर्षांनी श्रीमंत सभासदांचा उत्साह ओसरला. दया करणाऱ्याला दयेचा कंटाळा येतो. हे कटू आहे, पण पतपेढीत बसणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिलेले असते.

याच अनुभवातून १८६४ मध्ये हेडेसडोर्फची कर्ज-मंडळी उभी राहिली. इथे कर्ज घेणाराच सभासद झाला, म्हणजे मदत मागणारा मालकही झाला. रायफायझनने घालून दिलेले नियम आजही वाचावेत असे आहेत. मंडळीचे क्षेत्र एका धर्मग्रामाएवढे, एका चर्चच्या हद्दीएवढे, म्हणजे सगळे एकमेकांना चेहऱ्याने ओळखणारे. पदाधिकाऱ्यांचे काम बिनपगारी. नफा वाटायचा नाही, तो न फोडता येणाऱ्या राखीव निधीत टाकायचा. कर्ज द्यायचे ते उत्पन्न वाढवणाऱ्या कामालाच. आणि सगळ्यांत कठीण नियम म्हणजे अमर्याद जबाबदारी. मंडळी बुडाली तर प्रत्येक सभासदाने आपल्या घरादारानिशी देणे भागवायचे.

या नियमाची धास्ती वाटते खरी. पण ख्रिस्ती शिकवण हिशेबात उतरली ती नेमकी इथे, असे मला वाटते. शेजाऱ्याच्या कर्जाला माझे घर बांधलेले असेल, तर त्याने गाय घेतली की दारूत पैसे घातले, याची मी चौकशी करणारच. तो आजारी पडला तर त्याचे शेत नांगरायलाही जाणार. शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेला इथे रुजुवात होती, हप्ता होता, तारीख होती. लहानांत लहान भावासाठी केलेले ते मलाच केले, या मत्तयच्या शुभवर्तमानातल्या शिकवणीचा रायफायझनला मोठा आधार होता. नंतरच्या काळात त्याची दृष्टी जवळजवळ गेली. मुलगी अमाली त्याचा पत्रव्यवहार लिहून देई. १८८८ मध्ये तो वारला.

आपल्याकडे कर्जाचा प्रश्न तोवर आगीपर्यंत गेला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरले. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, पण सावकाराच्या जागी कर्ज द्यायचे कोणी, हे त्याने सांगितले नाही. मद्रास इलाख्यात फ्रेडरिक निकल्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने जर्मनीतल्या या मंडळ्यांचा अभ्यास करून रायफायझनचाच मार्ग सुचवला. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. एका गावातली दहा माणसे संस्था काढू शकत आणि ग्रामीण संस्थेला जबाबदारी अमर्याद. वायरबुशचा तो उपाशी हिवाळा असा आपल्या कायद्याच्या कलमांत उतरला.

ख्रिस्ती मंडळींनी हा कायदा कसा हाती घेतला, याचे पहिले मोठे उदाहरण रांचीचे. फादर जॉन बाप्टिस्ट हॉफमन हे जर्मन जेझुइट धर्मगुरू मुंडा आदिवासींमध्ये राहत. या आदिवासींच्या जमिनी हातातून जाताना ते पाहत होते. १९०८च्या छोटानागपूर कूळकायद्याच्या घडणीत त्यांचा हात होता. पण जमीन कायद्याने वाचली तरी कर्जात पुन्हा जाते, हे ओळखून १९०९ मध्ये त्यांनी छोटानागपूर कॅथॉलिक सहकारी पतसंस्था काढली. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जर्मन म्हणून त्यांना देशाबाहेर काढले गेले. संस्था मात्र टिकली.

आणि मग आमची वसई. इथला कॅथॉलिक शेतकरी केळी, पानवेल, भाजी आणि फुले यांवर जगणारा. १८६०च्या दशकात रेल्वे आली आणि मुंबईचा बाजार जवळ आला. पण माल गाडीत चढण्याआधीच त्याच्यावर उचल घेतलेली असे. पानवेलीचे पहिले पान खुडेपर्यंत खर्चच खर्च. आळी, खत, मांडव, रहाटाला बैल, पाणी मचूळ झाले तर नवी विहीर. माझी आजी सांगायची की तिच्या पाटल्या हातापेक्षा सावकाराच्या पेटीतच जास्त राहिल्या. सणाला त्या सोडवायच्या आणि पेरणीला पुन्हा ठेवायच्या. आगाशीच्या जत्रेला बायका एकमेकींचे दागिने घालून जात, हेही तिच्याच तोंडून ऐकलेले.

१९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी इथे शेतकऱ्यांसाठी सहकारी पतसंस्था उभी केली. तीच पुढे बेसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. ते वर्ष डोळ्यांसमोर आणा. महायुद्धाची महागाई, मुंबई इलाख्यात दगा दिलेला पाऊस आणि इन्फ्लुएन्झाची साथ. अशा वर्षी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, वाढवण्यावर कोणी थांबला असता तरी त्याला कोणी दोष दिला नसता. मोनीसांनी प्रार्थनेच्या जोडीला नोंदवही उघडली. सुप्याच्या शेतकऱ्यांनी वही जाळली, वसईकरांनी दुसरी वही सुरू केली. दोन्हींमागची वेदना एकच होती, आणि दुसरा मार्ग अधिक कष्टाचा होता.

चिटणीस म्हणून मला सर्वांत जड गेलेली गोष्ट लग्नाच्या कर्जाची. रायफायझनचा उत्पन्नाच्या कामालाच कर्ज देण्याचा नियम आमच्या समितीत दरवर्षी वादाला येई. मी त्या नियमाच्या बाजूचा. मांडव, बँड आणि जेवणावळीसाठी काढलेले कर्ज नवरा-नवरीच्या पहिल्या पाच वर्षांवर बसते, हे मी खातेउताऱ्यांत पाहिले आहे. आजारपणाला मात्र आम्ही कधी नाही म्हटले नाही. एका विधवेचे हप्ते थकले तेव्हा तिच्या दोन जामीनदारांनी आपसात पैसे भरले आणि तिला कळूही दिले नाही. त्या दोघांतला एक चर्चला क्वचितच येणारा होता.

आता अमर्याद जबाबदारी उरलेली नाही. बँका मोठ्या झाल्या, सभासद हजारांनी वाढले, सगळ्या धर्मांचे झाले, हे चांगलेच झाले. पण वार्षिक सर्वसाधारण सभेला खुर्च्या रिकाम्या राहतात आणि अहवाल न उघडता मंजूर होतो. निर्बंध आलेल्या सहकारी बँकांच्या दारात म्हाताऱ्या ठेवीदारांच्या रांगा लागलेल्या आपण टीव्हीवर पाहिल्या. त्यांतल्या कितींनी आधीच्या वर्षी सभेत प्रश्न विचारला होता?

म्हणून एवढीच विनंती. तुमच्या गावात पतपेढी असेल तर येत्या सभेला जा. ताळेबंद हातात घ्या, थकबाकीचा आकडा मोठ्याने विचारा, संचालकांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिले तेही विचारा. आणि शेजारी जामीन राहण्यासाठी अर्ज घेऊन आला तर त्याला आत बसवा, कर्ज कशासाठी आहे ते नीट समजून घ्या, आणि पटले तर सही करा.