एकवीस दिवसांची सुई : सांध्यांचा ताप आणि हृदयाच्या झडपा

हृदयरोग म्हटले की पन्नाशी ओलांडलेला, साखर आणि बीपी असलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. जालना जिल्ह्यातल्या वस्त्यांवर काम करताना आम्हाला आणखी एक हृदयरोग भेटतो. तो शाळकरी वयात सुरू होतो आणि ऐन विशीत माणसाला जिना चढू देत नाही. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटिक हृदयरोग म्हणतात. घरचे म्हणतात, ‘व्हॉल्व खराब झाला.’ काही जण त्याला हृदयाचे छिद्र समजतात, पण छिद्र बहुधा जन्मजात असते. हा आजार जन्मानंतर जडतो आणि बऱ्याच अंशी टाळता येतो.

सुरुवात घशातून होते. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने घसा सुजतो, दोन-चार दिवसांत बरा होतो आणि सगळे विसरून जातात. दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ताप येतो, आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर असे मोठे सांधे सुजत जातात. हा संधिवाताचा ताप, साधारण पाच ते पंधरा वर्षे वयात येणारा. जंतूशी लढणारी शरीराची यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटलेली असते. सांधे पूर्ण बरे होतात. हृदयाच्या झडपांवर मात्र व्रण राहू शकतो आणि प्रत्येक नव्या तापागणिक तो वाढत जातो. झडप आखडते किंवा नीट मिटत नाही, आणि रक्त मागे तुंबते.

हा जंतू श्वासातून पसरतो, म्हणून एका खोलीत सात-आठ जण झोपतात तिथे त्याचे फावते. डेन्मार्कसारख्या देशात पेनिसिलिन येण्याच्या आधीच, घरे आणि राहणीमान सुधारत गेले तसा हा ताप कमी होऊ लागला होता. न्यूझीलंडमध्ये आजही तो मुख्यतः माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना होतो. तिथल्या सरकारने २०१३ पासून त्यासाठी गर्दीची, ओल धरणारी घरे सुधारण्याचा कार्यक्रम घेतला. म्हणजे घरकुलाची यादी हाही या रोगाचाच विषय आहे. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या रोगावर ठराव केला, तेव्हा श्रीमंत देशांतले डॉक्टर तो जवळपास विसरले होते.

आपल्याकडे तो ओळखू येत नाही ही वेगळीच अडचण. चालताना दम लागतो म्हणून दम्याचे औषध चालते. खोकल्यातून रक्त पडले की टीबीची तपासणी होते (ती करावीच, पण बेडका स्वच्छ आला की तिथेच थांबू नये). काही मुलामुलींचे, विशेषतः मुलींचे, हातपाय आपोआप झटके देऊ लागतात, हातातली वाटी पडते, अक्षर बिघडते. हेही याच तापाचे लक्षण असू शकते. अशा मुलीला देवऋषीकडे नेण्यात जे महिने जातात, त्यांची भरपाई पुढे होत नाही. रोग पक्का कळतो तो इको तपासणीत; नुसत्या ईसीजीवर समाधान मानू नये.

एकदा निदान झाले की खरे औषध एकच, बेंझाथीन पेनिसिलिनची सुई. शरीरात ती सुमारे तीन आठवडे टिकते, म्हणून आपल्याकडे दर २१ दिवसांनी देतात. सुई झडप दुरुस्त करत नाही, ती पुढचा ताप रोखते, आणि लोकांना पटवून सांगायला हेच सर्वात अवघड जाते. दुखत काही नसते, सुई मात्र कमरेत फार दुखते, मग कशाला घ्यायची? झडपेला इजा झाली असेल तर ती निदान चाळिशीपर्यंत घ्यावी लागते, काहींना जन्मभर. इजा नसेल तर कमी वर्षे. किती, ते डॉक्टर ठरवतील, आपण नाही.

तारीख लक्षात ठेवण्यासाठी काही घरांत पौर्णिमा धरतात, कारण विहारात त्या दिवशी जाणे होतेच. पण एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत २९-३० दिवस जातात आणि मधला आठवडाभर शरीर उघडे पडते. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, वार तोच राहतो. गावाचा बाजार ज्या वारी भरतो तो वार धरावा आणि दर तिसऱ्या बाजाराला सुई घ्यावी. आम्ही आता सगळ्यांना असेच सांगतो.

ही साखळी तुटते ती ऊसतोडीला. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या पट्टा पडेपर्यंत परत येत नाहीत. पाच महिने बाहेर राहिले तर सात सुया येतात. कोपीवरून दवाखान्यात जायचे तर दिवस मोडतो, खाडा पडतो, आणि उचल घेतलेल्या कोयत्याला खाडा परवडत नाही. शिवाय परजिल्ह्यातला डॉक्टर कागद नसेल तर पेनिसिलिन द्यायला कचरतो. त्याची भीती अगदीच खोटी नाही. क्वचित जीवघेणी रिॲक्शन येते, म्हणून सुई दवाखान्यातच घ्यावी आणि नंतर अर्धा तास तिथेच बसावे. ज्यांच्या झडपा फारच बिघडल्या आहेत, त्यांना डॉक्टर सुईऐवजी रोजच्या गोळ्या देऊ शकतात.

म्हणून टोळी निघण्याआधी कार्यकर्त्यांनी एक काम करावे. रोगाचे नाव, सुईचा डोस, शेवटची तारीख, आधी रिॲक्शन आली होती का, हे सगळे डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी एका कार्डावर लिहून घ्यावे आणि त्याचा फोटो मुकादमाच्या मोबाईलमध्येही ठेवावा. त्याला वाईट वाटले तरी चालेल.

मुलींच्या बाबतीत दुसरा पेच असतो. सोयरीक मोडेल या भीतीने आजार लपवला जातो आणि सासरी सुई बंद होते. गरोदरपणात शरीरातले रक्त जवळपास दीडपट होते. आखडलेल्या झडपेला ते पेलत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर धाप वाढते आणि काही जणींचा आजार तेव्हाच पहिल्यांदा उघड होतो. लग्न करू नये असे आम्ही म्हणत नाही. आधी इको करावा, दिवस राहण्यापूर्वी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवावे आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयात करावे. यात सासरची माणसे सुरुवातीपासून सोबत हवीत. लपवलेला आजार बाळंतपणात बाहेर पडतो, आणि तेव्हा हाती फार थोडे उरलेले असते.

झडप आखडली असेल तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडता येते. फार खराब असेल तर बदलतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली देशी झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली, त्यामुळे आयात झडपेच्या किमतीचा भार हलका झाला. धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर लागते आणि आयएनआर नावाची रक्ततपासणी नियमित करावी लागते. गोळी कमी पडली तर गाठ होऊन अर्धांगवायू, जास्त झाली तर रक्तस्राव. मेथी-पालक बंद करू नये, रोज साधारण सारखेच प्रमाण ठेवावे. अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नये. दात काढण्याआधी दंतवैद्याला झडपेचे सांगावे. दिवस राहिल्याचा संशय आला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे, कारण या गोळीने पहिल्या तिमाहीत गर्भात व्यंग येऊ शकते. आणि ऑपरेशन झाले म्हणून २१ दिवसांची सुई आपोआप संपत नाही.

फुगा आणि झडप बदलणे या दोन्ही गोष्टी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. २०१२ मध्ये जीवनदायी नावाने सुरू झालेल्या या योजनेला २०१७ मध्ये हे नाव मिळाले, आणि संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ चा. रेशनकार्ड आणि आधारवरची नावे जुळत नसतील तर ते आधी दुरुस्त करावे. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयातून पुढे पाठवले की बहुतेकांची वाट छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाची असते. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. आयएनआरसाठी दर वेळी साठ किलोमीटर जावे लागू नये, ही मागणी युवकांनी तिथे लावून धरण्यासारखी आहे. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासते, आणि त्याच्या यादीत हा हृदयरोग आहे. तो कार्यक्रम अठराव्या वर्षापर्यंतच चालतो. तेव्हा बारावीत असलेल्या मुलामुलींचे इको आणि कागद वाढदिवसाच्या आत करून घ्यावेत.