धावांचा जमाखर्च



तेरेखोल नदीच्या मुखाशी वसलेल्या आमच्या केरी गावात, माझ्या लहानपणी, कसोटी सामना सुरू झाला की रेडिओभोवती शेजारीपाजारी जमत. समालोचक बोलता बोलता मध्येच एखादा जुना आकडा सांगे. त्याला हे ऐन वेळी आठवते तरी कसे, असे मी एकदा वडिलांना विचारले. ते म्हणाले, “त्याच्या शेजारी वही घेऊन एक मनुष्य बसलेला असतो. तो बोलत नाही.”

अशा न बोलणाऱ्या माणसांत आद्य मान आनंदजी डोसा यांचा. १९१६ साली जन्मलेले हे गृहस्थ मुंबईच्या क्रिकेटात रमले आणि पुढे अनेक वर्षे आकाशवाणीच्या समालोचकांजवळ आकडेतज्ज्ञ म्हणून बसले. आजच्यासारखी गणकयंत्रे तेव्हा हाताशी नव्हती. हे काम म्हणजे वाण्याची खतावणीच! फलंदाजांच्या धावांत अवांतर धावा मिळवून जी बेरीज येते, तीच गोलंदाजांनी दिलेल्या धावांत बाय आणि लेगबाय मिळवूनही यावयास हवी. एका धावेचा फरक पडला की पान पुन्हा पहिल्यापासून तपासावयाचे.

एवढा खटाटोप कशासाठी? १९४३ च्या पंचरंगी सामन्यांची मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरील अंतिम लढत पाहा. त्या काळी संघ धर्मवार असत. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन वगळता जे उरले ते ‘द रेस्ट’. त्यांत आम्ही ख्रिस्ती. (ही वाटणी गेली ते बरेच झाले.) हिंदूंनी ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला, त्यांत विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात मात्र सांगलीच्या एका मराठी ख्रिस्ती शाळामास्तरांचे चिरंजीव विजय हजारे उभे राहिले. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या! धाकटे बंधू विवेक यांच्यासह त्यांनी ३०० धावांची भागी केली. तीत विवेक यांचा वाटा २१. तरीही सामना एक डाव ६१ धावांनी गेला.

हे गणित मी वर्गात घातले. ३८७ मधून ३०९ आणि २१ वजा जाता ५७ उरतात. त्या बाकीच्या नऊ जणांच्या आणि अवांतर. एक मुलगा म्हणाला, “सर, सामना हरला, मग एकवीस कशाला लिहून ठेवायचे?” मी क्षणभर थांबलो. तीनशे नऊ लोकांच्या तोंडी राहिले असते. एकवीस राहिले नसते. ते वहीत आहेत म्हणूनच ती भागी दोघांची ठरते, असे मी त्याला सांगितले. त्याचे समाधान झाले असे दिसले नाही.

१९४८ मध्ये पुण्याला भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर असता काठेवाडच्या संघाने सामनाच सोडून दिला. ब्रॅडमनचा ४५२ चा उच्चांक अवघा नऊ धावांवर होता. ही हळहळदेखील नोंदीमुळेच कळते.

ब्रेबॉर्नच्या पन्नास वर्षांवर डोसा यांनी वसंत रायजी यांच्यासमवेत पुस्तक लिहिले. २०१४ साली न्यूयॉर्क येथे ते निवर्तले. तेथील वर्तमानपत्रांत बेसबॉलचे आकडे रकानेच्या रकाने छापून येत. ते पडताळून पाहिल्यावाचून त्यांनी सोडले असतील, असे मला वाटत नाही.