तेलविहिरीची परिभाषा : शब्दांचे थर

महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी ज्या इंधनावर स्टोव्ह पेटवले आणि कंदील लावले, त्याला आपण रॉकेल म्हणत आलो. ‘रॉक ऑइल’ या इंग्रजी जोडनावाचे ते मराठमोळे रूप मानले जाते. गंमत अशी की इंग्रजीत हे नाव केव्हाच मागे पडले आहे. १८५० च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातील सॅम्युअल कीर हा गृहस्थ खार्‍या पाण्याच्या विहिरींत तरंगणारे तेल बाटल्यांत भरून ‘रॉक ऑइल’ या नावाने औषध म्हणून विकत असे. १८५४ मध्ये त्याच प्रांतातील तेलासाठी जी कंपनी निघाली, तिच्या नावातही ‘रॉक ऑइल’ होते. पुढे इंग्रजीने ‘पेट्रोलियम’ हा लॅटिन शब्द पत्करला. त्याचा अर्थही शिळातेल असाच. आग्रिकोलाने १५४६ मधील आपल्या ग्रंथात तो वापरला होता. दिव्याच्या तेलासाठी इंग्रजीने ग्रीक धातूवरून घडवलेला ‘केरोसीन’ हा शब्द घेतला. या उद्योगाच्या जन्मकाळचे नाव मात्र मराठी स्वयंपाकघरात टिकून राहिले. धंदा बदलतो, यंत्रे भंगारात जातात, माणसे विसरली जातात. शब्द तेवढे मागे उरतात. तेलविहिरी खणणार्‍यांची परिभाषा या दृष्टीने वाचली, तर ती अभियांत्रिकीची कमी आणि श्रमाच्या इतिहासाची साधने अधिक ठरते.

पहिला थर मिठाचा आहे. २७ ऑगस्ट १८५९ रोजी टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांच्या विहिरीला साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागले, आणि आधुनिक तेल उद्योगाचा आरंभ सहसा तेथून मोजला जातो. परंतु विहीर प्रत्यक्ष खणणारा विल्यम स्मिथ हा लोहार होता, आणि खार्‍या पाण्याच्या विहिरी खणण्याचे काम त्याने आयुष्यभर केले होते. त्याच्याआधी अर्धशतक, १८०८ मध्ये, रफ्नर बंधूंनी कनॉहा नदीच्या खोर्‍यात लवचीक दांडीला पहार टांगून, ती वरखाली आपटत, खडकातून ५८ फूट खाली जाऊन मिठाचे पाणी मिळवले होते. चीनमधील सिचुआन प्रांतात तर बांबूच्या मनोर्‍यांवरून आपटणीच्या याच तत्त्वाने विहिरी खणण्याची परंपरा शेकडो वर्षांची. तेथील शेनहाय नावाची विहीर १८३५ मध्ये एक हजार मीटरच्या खाली पोचली होती. मीठ काढणार्‍यांना तेल ही ब्याद वाटे. तीच ब्याद मोलाची ठरल्यावर नव्या धंद्याने त्यांची हत्यारे घेतली, आणि हत्यारांबरोबर त्यांचे शब्दही आले.

यांतला सर्वांत बोलका शब्द म्हणजे ‘फिशिंग’. भोकात हत्यार तुटून पडले की त्या हरवलेल्या तुकड्याला ‘फिश’ म्हणतात, आणि तो वर काढण्याच्या खटपटीला ‘फिशिंग’, म्हणजे मासेमारी. दोर खाली सोडायचा, डोळ्यांना काहीच दिसत नाही, हाताला जाणवणार्‍या ओढीवरून तळाशी काय आहे ते ओळखायचे. कोळ्याच्या आणि खणणार्‍याच्या कामातले साम्य ज्याने पहिल्यांदा टिपले, त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही. पण आज हजारो मीटर खोल विहिरीत पोलादी नळी अडकली तरी अभियंते हाच शब्द वापरतात. विहिरीचा आरंभ करण्याला ‘स्पड’ करणे म्हणतात. ‘स्पड’ हे मुळात कुदळीसारखे, खणण्याचे साधे अवजार. मराठीत आपण कामाची ‘कुदळ मारली’ म्हणतो, अगदी तसेच.

मोजमापातही मागचा काळ थिजलेला आहे. आरंभीचे तेल दारूच्या आणि इतर मालाच्या लाकडी पिंपांतून वाहिले जाई. पिंपे गळत. म्हणून १८६६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील उत्पादकांनी दर चाळीस गॅलनांमागे दोन गॅलन जादा द्यायचे ठरवले, आणि १८७२ पर्यंत ४२ गॅलनांचे बॅरल रूढ झाले. आज कच्चे तेल नळांतून आणि टँकरांतून वाहते, पण जगाच्या बाजारात त्याचा भाव अजून त्या गळक्या पिंपातच मोजला जातो. आपला ‘पिंप’ हा शब्ददेखील पोर्तुगीजांच्या मद्याच्या पिंपांबरोबरच इकडे आलेला आहे.

विहिरीवर उभ्या असणार्‍या उंच मनोर्‍याचे नाव ‘डेरिक’. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळी लंडनच्या टायबर्न येथे डेरिक नावाचा फाशी देणारा होता. त्याचे नाव आधी फाशीच्या खांबाला चिकटले, नंतर जड ओझी उचलणार्‍या यारीला, आणि शेवटी तेलविहिरीच्या सांगाड्याला. ज्या वस्तूला एखादी गोष्ट टांगायची, तिला टांगणार्‍याचे नाव मिळाले. लक्षणेचे इतके भीषण उदाहरण अलंकारशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच सापडेल.

दुसरा थर चिखलाचा. १० जानेवारी १९०१ रोजी टेक्ससमधील बोमाँट गावाजवळ स्पिंडलटॉप येथे तेलाचे कारंजे उसळले. तेथील वाळूच्या थरांत भोक टिकत नव्हते. फिरत्या पात्याने खणताना नुसते पाणी सोडले की भिंती ढासळत. तेव्हा खणणार्‍या हॅमिल बंधूंनी पाण्याऐवजी गढूळ चिखल वापरला. तो तयार करण्यासाठी खड्ड्यातून गुरे फिरवली, अशी हकिगत सांगितली जाते. आज विहिरीत सोडला जाणारा द्रव रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत सिद्ध करतात, त्याच्या घनतेचा बारीक हिशेब ठेवतात. तरी फलाटावर त्याचे नाव ‘मड’ हेच. खडकाच्या ज्या थरात हा चिखल गडप होतो, त्याला ‘थीफ झोन’ म्हणतात, म्हणजे चोराचा थर.

याच काळात ग्रामीण, अल्पशिक्षित, गावोगाव भटकणार्‍या मजुरांची एक बोली तयार झाली. नळ्या उभ्या ठेवण्यासाठी तळमजल्याला पाडलेली भोके म्हणजे उंदराचे आणि घुशीचे बीळ. मनोर्‍यावर उंच टांगलेली, एकाच माणसाला उभे राहता येईल अशी फळी म्हणजे माकडाची फळी. खणणार्‍या मुकादमाची खोपटी म्हणजे कुत्र्याचे घर. विहिरीच्या तोंडावर बसवलेल्या झडपांच्या फांद्याफांद्यांच्या जुडग्याला नाव पडले ख्रिसमसचे झाड. पाळीला ‘टूर’ म्हणतात, पण जुने खणणारे त्याचा उच्चार ‘टॉवर’ असा करीत, आणि पुढच्यांनी तो उच्चार निशाणीसारखा जपला. ‘टूर’ म्हणणारा माणूस बाहेरचा, हे लगेच ओळखू येई. हलकी कामे करणार्‍याला ‘राउस्टअबाउट’ म्हणतात, तो शब्द अमेरिकन नद्यांवरच्या आगबोटींतून आणि धक्क्यांवरच्या हमालांकडून आला. या सार्‍या बोलीत घर, गोठा आणि रान भरलेले आहे. घरापासून महिनोन् महिने दूर असलेल्या माणसांनी अजस्र यंत्राला घरच्या शब्दांनी माणसाळवले, असेच म्हणावे लागते.

तिसरा थर समुद्राचा. १८९६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील समरलँड येथे किनार्‍यावरून लाकडी धक्के पाण्यात नेऊन त्यांवर विहिरी खणल्या गेल्या. १९४७ मध्ये मेक्सिकोच्या आखातात, किनारा दृष्टीआड होईल इतक्या अंतरावर, पहिली यशस्वी विहीर झाली. तिच्यासाठी युद्धातून उरलेली नौदलाची जहाजे स्वस्तात घेतली होती. येथे दोन परिभाषा समोरासमोर आल्या : शेतमळ्यांतून आलेल्या खणणार्‍यांची आणि खलाशांची. जहाजाच्या पोटात आरपार ठेवलेले, ज्यातून खणण्याची नळी समुद्रात सोडतात ते भोक ‘मूनपूल’ झाले. हे या परिभाषेतले बहुधा एकमेव काव्यमय नाव. पण जहाजावर अंतिम शब्द कप्तानाचा, आणि विहिरीवर ‘टूलपुशर’चा. तरंगत्या फलाटावर, जो एकाच वेळी जहाजही आहे आणि विहीरही, कोणाचा शब्द शेवटचा? हा प्रश्न परिभाषेत सुटला नाही. आणि संकटाच्या घटकेला तो पुन्हा पुन्हा उभा राहिला.

येथवरचा इतिहास वाचून श्रमिकांच्या बोलीचे नुसते कौतुक करण्याचा मोह होतो. पण घरगुती शब्दाला एक काळी बाजू आहे. ज्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याला ‘सावर गॅस’, म्हणजे आंबट वायू म्हणतात. आंबट म्हटले की जिभेला कैरी आठवते. हा वायू प्रमाणाबाहेर असला तर वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि मग माणसाला. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर आल्फा या फलाटावर १६७ माणसे गेली. दिवसपाळीने एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती आणि उघड्या तोंडावर ‘ब्लाइंड फ्लँज’ नावाची चकती बसवली होती. झडपेच्या कामाचा परवाना पंपाच्या परवान्यापासून वेगळा ठेवलेला होता. दुसरा पंप बंद पडल्यावर रात्रपाळीने हा पंप सुरू केला. चकती आंधळी होतीच; कागदांच्या विभागणीने माणसेही आंधळी झाली. लॉर्ड कलन यांच्या १९९० च्या अहवालानंतर ‘परमिट’ हा कारकुनी वाटणारा शब्द जीवनमरणाचा झाला.

याहून बोधप्रद आहे २० एप्रिल २०१० चा डीपवॉटर होरायझनचा अपघात. मेक्सिकोच्या आखातात विहीर बंद झाली आहे की नाही याची चाचणी चालू होती. नळीतला दाब शून्यावर आणून पाहायचा. तो पुन्हा चढला नाही तर विहीर बंद. दाब पुन्हा पुन्हा चढत होता, एका क्षणी १४०० पौंडांपर्यंत गेला. फलाटावर त्याला ‘ब्लॅडर इफेक्ट’, म्हणजे फुग्याचा परिणाम, असे नाव दिले गेले : वरच्या जड चिखलाचा भार रबरी झडपेतून खाली जाणवतो आहे, एवढेच. नाव मिळाले, शंका मिटली. त्याच रात्री स्फोट होऊन ११ माणसे मेली. नंतरच्या राष्ट्रीय आयोगाने ज्या तज्ज्ञांना विचारले, त्यांनी हे स्पष्टीकरण निराधार ठरवले. नाव देणे म्हणजे जाणणे नव्हे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांना नवी नाही. तेथे मात्र तिची किंमत फार मोठी पडली.

याच्या उलट उदाहरण ‘किक’चे. खडकातला वायू किंवा तेल अवचित विहिरीत घुसले की विहिरीने लाथ मारली, असे म्हणतात. हा शब्दही गोठ्यातलाच. पण तो ऐकताच काय करायचे ते प्रत्येकाला ठाऊक असते : झडपा बंद करायच्या, जड चिखल सोडायचा. शब्द घरगुती की शास्त्रीय यावर त्याची योग्यता ठरत नाही. तो कृतीला बांधलेला आहे की नाही, यावर ठरते.

आता आपल्या किनार्‍याकडे येऊ. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, फेब्रुवारी १९७४ मध्ये, ‘सागर सम्राट’ या फलाटाने तेल शोधले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्या क्षेत्राचे नाव ‘बॉम्बे हाय’. भूशास्त्रात ‘हाय’ म्हणजे जमिनीखाली गाडलेला उंचवटा. तेल अशा उंचवट्यांत साठते. मराठी वाचकाला ‘हाय’मध्ये फार तर उसासा ऐकू येतो, उंचवटा दिसत नाही. शब्द आला, त्याखालचे थर आले नाहीत. दुसरीकडे आपल्या परिभाषाकारांनी ‘वेधन’, ‘छिद्रण’ असे निर्दोष संस्कृत शब्द दिले. ते ग्रंथांत शोभतात. पण त्यांना चिखल लागलेला नाही.

आणि तरीही खणण्याची जिवंत मराठी परिभाषा आपल्याकडे आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव कूपनलिका आल्या, आणि शेतकर्‍याने ‘बोअर मारला’, ‘केसिंग टाकले’, ‘बोअर फेल गेला’ असे म्हणायला सुरुवात केली. तेलवाल्यांचा ‘ड्राय होल’ आणि आपला कोरडा गेलेला बोअर यांत दुःखाचा फरक असला, तर तो कर्जाच्या रकमेचा. शब्द इंग्रजी, पण क्रियापदे मराठी आणि अनुभव सर्वस्वी आपला. परिभाषा अशीही घडते, आणि कोशकारांनी ती घडताना पाहिली पाहिजे.

याचे एक प्रत्यंतर अलीकडचे आहे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात बॉम्बे हायच्या परिसरात पी-३०५ ही कामगारांच्या निवासाची बार्ज नांगर तुटून वाहवत गेली आणि बुडाली. तिच्यावर २६१ माणसे होती. सत्तरांहून अधिक दगावली. तिला स्वतःचे इंजिन नव्हते. अशा बार्जला खलाशांच्या इंग्रजीत ‘डंब’, म्हणजे मुकी, म्हणतात. मराठी वृत्तपत्रांनी तिला ‘बार्ज’ म्हटले, आणि ‘तराफा’ही म्हटले. बार्ज या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. फार तर एक लहान जहाज. तराफा म्हटले की सुकाणू नाही, यंत्र नाही, लाट नेईल तिकडे जाणे आले, हे मराठी माणसाला न सांगता कळते. तांत्रिक कागदांनी जे झाकले होते ते एका जुन्या, अडाणी समजल्या जाणार्‍या शब्दाने उघड केले : वादळाची सूचना आलेली असताना शेकडो माणसे तराफ्यावर होती.