घाट, गाडे आणि गोठा

घाट म्हटलं की बाहेरच्या माणसाला खंडाळा आठवतो. आपल्या शिरूर, आंबेगाव, खेड, जुन्नरकडे मात्र घाट म्हणजे बैलगाड्याची चढण. जत्रा आली की हलका लाकडी गाडा, त्याला चार बैल, पुढे दोन नि मागे दोन, आणि त्यांच्याही पुढे वाट दाखवणारा घोडीवरचा स्वार. गाड्यावर कुणी बसत नाही. निवेदकाची 'भिर्रर्र' संपते न संपते तोवर बैल वर पोचलेले असतात. सगळ्यात कमी सेकंदांत चढला, तो 'घाटाचा राजा'. सातारा-सांगलीकडे हीच शर्यत सपाट रानात होते, हाकणारा गाडीवर असतो. विदर्भात तिला शंकरपट म्हणतात.

इटलीत मोंझा नावाचं गाव आहे. तिथं १९२२ साली मोटारींच्या शर्यतीसाठी खास रस्ता बांधला, आणि आजही फेरारीची लाल गाडी जिंकली की माणसं कुंपण ओलांडून रस्त्यावर धावतात. १९८८ च्या ऑगस्टमध्ये म्हातारे एन्झो फेरारी वारले, आणि महिन्याच्या आतच त्यांच्या दोन गाड्या मोंझात पहिल्या-दुसऱ्या आल्या. लोक रडले म्हणे. आम्हाला यात नवल वाटत नाही. गावचा बैल राजा झाला की आपल्याकडेही गुलाल उधळून गावभर मिरवणूक निघते. (ज्या फियाटचा कारखाना आपल्या एमआयडीसीत आहे, तिनंच १९६९ साली फेरारीत निम्मा वाटा घेतला होता!)

पण मोटारीला दुखत नाही, बैलाला दुखतं. घाटात काठ्या, खिळे, शेपटी पिरगाळणं हे चालत होतं, ते आपण नाकारू नये. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारनं बैलाच्या खेळांवर बंदी आणली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही थांबवल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं दिलेली मोकळीक आठवड्याभरात अडकली. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला, त्यालाही उच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी आली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा कायम ठेवला. आता आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैल जनावरांच्या डॉक्टरांनी तपासावा लागतो, आणि काठी-चाबूक चालत नाही.

ही सगळी लढाई पेपरात आली ती गाडामालकांची आणि पुढाऱ्यांची म्हणून. त्या वर्षांत गोठ्यात काय झालं, ते कुणी विचारलं नाही. शेतात ट्रॅक्टर आलेला, त्यामुळे खिल्लार खोंड पोसायला शर्यतीवाचून कारणच उरलं नव्हतं. काहींनी बैल विकले. काहींनी आशेवर ठेवले, आणि पेंड, भरडा, चारा यांचा खर्च घरच्या दुधाच्या पैशातून निघाला. पहाटे शेण काढणारी, बैलाला पाणी दाखवणारी, तो चारा टाकून उभा राहिला तर आधी ओळखणारी बहुतेक घरांत बाईच असते. बैल लाखांना मागितला गेला तर बोली करायला मात्र तिला कोण बोलावतं?

घाटातही तेच. जुन्या जत्रांतून बायका देवदर्शन करून, पाळणे बघून, बांगड्या भरून घरी फिरत, घाट पुरुषांचा. आता शाळा-कॉलेजातल्या मुली कडेला उभ्या दिसतात, काहीजणी घोडीवरही दिसू लागल्यात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या शंकरपटात तर बायकांची वेगळी स्पर्धा होते आणि कासरा त्यांच्याच हातात असतो.

यात्रा कमिट्यांपुढे आम्ही दोन मागण्या ठेवतो. घाटाच्या कडेला बायकांना बसायला सावली आणि जवळ मुतारी असावी. आणि जिंकलेल्या गाड्याच्या मालकाचं नाव पुकारताना, गोठा सांभाळणारीचंही नाव माइकवरून घ्यावं.