संध्याकाळी सहानंतर शॉर्ट्स बंद! 'क्वीन मेरी २' जहाजावर कपड्यांचे, जेवणाचे आणि सेवेचे नियम काय असतात?

क्रूझ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो डेकवरचा स्विमिंग पूल, बर्मुडा घालून फिरणारे लोक आणि मोठ्या आवाजातलं डीजे म्युझिक. मुंबई-गोवा क्रूझचे रील्स पाहिले असतील, तर हेच चित्र पक्कं झालेलं असतं.

पण आजही एक जहाज असं आहे, जिथे लोक जेवायला जाताना टक्सिडो आणि गाऊन घालतात. जहाजाचं नाव 'क्वीन मेरी २'. ते चालवणारी कंपनी आहे क्युनार्ड. या जहाजावर कपड्यांचे नियम सगळ्यांना सारखे असतात, पण जेवणाचं टेबल मात्र सगळ्यांना सारखं मिळत नाही. ही भानगड नेमकी काय आहे, ते पाहूया.

हे क्रूझ शिप नाही, लायनर आहे

जानेवारी २००४ मध्ये राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या हस्ते या जहाजाचं नामकरण झालं. बांधणी फ्रान्समधल्या सेंट-नाझेरची, लांबी सुमारे ३४५ मीटर. इंग्लंडमधलं साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क हा याचा ठरलेला मार्ग आणि या प्रवासाला सहसा ७ रात्री लागतात.

उत्तर अटलांटिक समुद्र खवळलेला असतो. त्यामुळे साध्या क्रूझ शिपपेक्षा याचं पोलाद जाड आणि वेग जास्त ठेवला आहे. हेलकावे कमी व्हावेत म्हणून दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर आहेत. काही बाल्कन्या तर जहाजाच्या पोलादी भिंतीतच कोरल्यासारख्या आहेत, म्हणजे वारा थेट अंगावर येत नाही.

न्यूयॉर्ककडे जाताना आणखी एक गंमत होते. लंडन आणि न्यूयॉर्कच्या वेळेत साधारण ५ तासांचा फरक आहे. म्हणून वाटेत पाच वेळा घड्याळ एकेक तास मागे घेतलं जातं. म्हणजे पाच दिवस २५ तासांचे! विमानाने गेल्यावर होणारा जेट लॅग इथे जवळपास होतच नाही. परतीच्या प्रवासात मात्र तेवढेच तास हातचे जातात.

कपड्यांचा नियम काय?

दिवसा काहीही साधं घातलं तरी चालतं. खरा नियम सुरू होतो संध्याकाळी ६ नंतर. तेव्हा मुख्य रेस्टॉरंट आणि बारमध्ये शॉर्ट्स, फाटकी जीन्स, बिनबाह्यांचे टी-शर्ट चालत नाहीत. पुरुषांनी कॉलरचा शर्ट आणि नीट पँट, स्त्रियांनी ड्रेस किंवा तसाच व्यवस्थित पोशाख घालावा, अशी अपेक्षा असते.

काही रात्री 'गाला इव्हिनिंग' असतात. तेव्हा पुरुषांना टक्सिडो किंवा टाय लावून गडद सूट, तर स्त्रियांना इव्हिनिंग ड्रेस लागतो. मग आपल्याकडच्या लोकांनी खास गाऊन शिवून घ्यायचा का? गरज नाही. आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही मान्य असतो. त्यामुळे पैठणी किंवा बंदगळा घालून थाटात जेवायला जाता येतं.

आणि नटायचा कंटाळा आला तर? तर बुफे आणि पबसारख्या काही जागा मोकळ्या असतात. कुणी जहाजावरून उतरवत नाही, फक्त त्या रात्री मुख्य रेस्टॉरंट आणि बॉलरूमला मुकावं लागतं.

ही पद्धत आली कुठून?

१८४० मध्ये क्युनार्डचं 'ब्रिटानिया' हे जहाज लिव्हरपूलहून अमेरिकेकडे निघालं, तेव्हा आरामाचा फारसा प्रश्नच नव्हता. १८४२ मध्ये लेखक चार्ल्स डिकन्स याच जहाजाने गेले आणि इवल्याशा केबिनवर त्यांनी भरपूर टीका करून ठेवली.

पुढे जहाजं मोठी झाली आणि पहिल्या वर्गातले श्रीमंत प्रवासी घरच्यासारखेच इथेही जेवणासाठी कपडे बदलू लागले. पहिल्या आणि शेवटच्या रात्री मात्र सूट होती, कारण तेव्हा सामान पेट्यांमध्ये असायचं. कित्येक दिवस बंदर दिसत नाही, तेव्हा संध्याकाळ म्हणजेच दिवसाचा मोठा कार्यक्रम. ती सवय या जहाजाने टिकवून ठेवली.

केबिन ठरवते टेबल

जुन्या जहाजांवर पहिला, दुसरा आणि तिसरा वर्ग असायचा. आज ही नावं गेली, पण फरक पूर्ण गेला नाही. साध्या केबिनमधल्या प्रवाशांसाठी 'ब्रिटानिया' हे मोठं रेस्टॉरंट असतं. महागड्या स्वीटमधल्यांसाठी 'प्रिन्सेस ग्रिल' आणि 'क्वीन्स ग्रिल' ही वेगळी रेस्टॉरंट्स, वेगळा लाउंज आणि डेकचा राखीव भाग असतो. क्वीन्स ग्रिलवाल्यांना तर बटलरही मिळतो.

म्हणजे नाचाच्या हॉलमध्ये दोन प्रवासी सारख्याच टक्सिडोत शेजारी उभे असतात, पण जेवायची वेळ झाली की त्यांचे दरवाजे वेगळे होतात.

बाकी बऱ्याच गोष्टी सगळ्यांसाठी खुल्या आहेत. 'क्वीन्स रूम'मध्ये दुपारी पांढरे हातमोजे घातलेले वेटर चहा, स्कोन आणि काकडीचे सँडविच देतात. मोठं ग्रंथालय आहे, तारांगण आहे. एवढंच काय, कुत्र्या-मांजरांसाठी २४ पिंजरे आहेत आणि त्यांच्या फिरण्याच्या जागेत विलायती दिव्याचा खांब आणि अमेरिकन फायर हायड्रंटही बसवला आहे!

सेवेचा हिशोब

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खर्च खात्यावर लिहिला जातो, तोही डॉलरमध्ये. टिपेच्या जागी प्रत्येक प्रवाशाच्या नावे रोजचा सेवा आकार जमा होतो आणि बारच्या बिलावर तो वेगळा लागतो. काही भाड्यांमध्ये हा आकार आधीच धरलेला असतो, म्हणून बुकिंग करताना विचारून घ्यावं. रोजचा आकार काउंटरवर सांगून कमी करता येतो. पण हे पैसे वेटर, केबिन साफ करणारे आणि पडद्यामागे राबणारे कर्मचारी यांच्यासाठी असतात, हे लक्षात ठेवलेलं बरं.

कारण हा सगळा आराम त्यांच्या कामाच्या तासांवर उभा आहे. खलाशांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्यांना २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. हिशोब उलटा केला तर आठवड्याला तब्बल ९१ तास काम नियमात बसतं! जगभरातल्या क्रूझ जहाजांवर गोव्यातले अनेकजण काम करतात. त्यांना तिकडे 'तारवटी' म्हणतात आणि ते घरापासून सलग काही महिने लांब असतात.

जायचं असेल तर

भारतीय पासपोर्टवर हा प्रवास करायचा तर ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हींचा व्हिसा लागतो. इस्त्री किंवा किटली घरून नेऊ नका, आगीच्या धोक्यामुळे त्यावर बंदी आहे. कपडे धुवायला आणि इस्त्री करायला जहाजावर मोफत लॉन्ड्री असते. पाळीव प्राणी न्यायचा असेल तर बुकिंग फार आधी करावं लागतं.

थोडक्यात काय, तर इथे पैठणी नेसून कुणीही मिरवू शकतं. पण कुठल्या टेबलावर बसायचं, ते तिकीट काढतानाच ठरलेलं असतं.