ज्वालामुखीचं तोंड कुठाय?

आमच्या पॉडकास्टमध्ये दगडांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. दुबईहून येतो, न्यू जर्सीहून येतो, लेस्टरहूनही येतो. "सह्याद्री लाव्हापासून झालाय असं आई-बाबा सांगतात. मग तो ज्वालामुखी कुठाय? त्याचं तोंड कुठाय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. तुम्ही जपानच्या फुजीचे फोटो पाहिलेत, हवाईचे व्हिडिओ पाहिलेत. ज्वालामुखी म्हटलं की शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर खळगा, हेच चित्र तुमच्या डोळ्यांसमोर येतं. मग सुट्टीत भारतात गेलात की राजगड चढता, कार्ल्याची लेणी बघता, आणि तसा डोंगर काही कुठे दिसत नाही. मी वाईत वाढले. शाळेत बाईंनी "आपण सगळे लाव्हावर राहतो" असं सांगितलं, तेव्हा मी खिडकीतून पांडवगडाकडे बोट दाखवून विचारलं होतं, "तो का?" बाई म्हणाल्या, "असेल." पुढे मी भूविज्ञानाच्या इतिहासावर पीएचडी केली. त्या "असेल"ने माझं समाधान झालं नव्हतं, हेही त्याचं एक कारण.

तोंडाचा हा शोध जुना आहे आणि त्यात भलेभले चुकलेत. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार घ्या. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. काळ्या कातळात जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा, तळाशी खारं पाणी, आणि आजूबाजूला सगळा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. हे ज्वालामुखीचं तोंड नाही तर काय, असं वाटणं साहजिक होतं. शंभरावर वर्षं अनेकांनी तसंच मानलं. मग १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख आला. लोणारच्या दगडांत संशोधकांना मास्केलिनाइट सापडलं होतं. दगडातल्या स्फटिकांना प्रचंड धक्का बसला की ते न वितळताच काचेसारखे होतात, ते हे. इतका मोठा धक्का ज्वालामुखी देत नाही, बाहेरून येऊन आदळलेली उल्का देते. आणि ही उल्का पडली तेव्हा तिथला लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं लोटली होती.

म्हणजे लोणार बाद. मग लाव्हा आला कुठून?

उत्तर असं की दख्खनला एक तोंड नव्हतंच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर आला. असा उद्रेक माणसांनी पाहिलेला आहे. १७८३ मध्ये आइसलँडला लाकी इथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग फुटली आणि आठ महिने धुमसत राहिली. विषारी वायूंनी कुरणं गेली, गुरं मेली, मागोमाग दुष्काळ आला आणि देशातली जवळजवळ एक पंचमांश माणसं दगावली. आता अशा शेकडो उद्रेकांची कल्पना करा, आणि त्यांतले कितीतरी लाकीपेक्षा अनेक पटींनी मोठे. हे घडलं साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि बहुतेक लाव्हा १० लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. झिजून झिजून उरलेला हा प्रदेश आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. अख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाखांच्या थोडं वर आहे, त्यावरून अंदाज करा. (डायनोसॉर संपण्यात या लाव्हाचा हात किती आणि मेक्सिकोत आदळलेल्या उल्केचा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. तो वेगळ्या एपिसोडचा विषय.)

या खडकांना 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिशमधल्या पायरीवरून आलाय. पुढच्या वेळी घाटातून जाताना फोन जरा खाली ठेवा आणि समोरचा कडा पाहा. आडव्या पायऱ्या एकावर एक रचल्यासारख्या दिसतील. प्रत्येक पायरी म्हणजे ढोबळमानाने लाव्हाचा एकेक लोट. दोन लोटांच्या मध्ये कधीकधी विटेच्या रंगाचा तांबडा पट्टा दिसतो. एक उद्रेक थांबला आणि दुसरा यायचा होता, त्या मधल्या काळात तयार झालेली माती किंवा साचलेली राख ती. आणि भेगा पाहायच्या असतील तर धुळे-नंदुरबारकडे जा. भेगेत थिजून राहिलेला लाव्हा आजूबाजूच्या खडकापेक्षा टणक निघाला, भोवतालचं झिजून गेलं आणि तो मैलोन् मैल भिंतीसारखा उभा राहिलाय. यांना डाइक म्हणतात. तोंडाच्या सगळ्यात जवळ जाणारं काही दख्खनमध्ये असेल, तर ते हेच.

आता गोष्टीचा दुसरा भाग. दख्खनचा लाव्हा थांबला, म्हणून खालची आगही विझली का?

१९७१ मध्ये जेसन मॉर्गन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. पृथ्वीच्या पोटातून काही ठिकाणी तप्त खडकाचे झोत वर येतात, ते बरेचसे जागच्या जागी राहतात आणि वरचं भूकवच सरकत जातं. पोळीखाली मेणबत्ती धरून पोळी सरकवत नेली तर डागांची रांग उमटेल, तसं. भारत त्या काळात उत्तरेकडे वर्षाला १५ सेंटीमीटरच्या आसपास वेगाने सरकत होता. मग दख्खनपासून दक्षिणेकडे समुद्रात डागांची रांग सापडायला हवी, आणि जितकं दक्षिणेला जावं तितका दगड तरुण निघायला हवा.

१९८७ मध्ये 'जॉइडीस रेझोल्यूशन' हे जहाज मॉरिशसच्या पोर्ट लुईहून निघालं आणि समुद्रतळाला भोकं पाडत कोलंबोला पोहोचलं. मालदीवजवळचा बेसॉल्ट निघाला साधारण ५ कोटी ७० लाख वर्षांचा. त्याच्या दक्षिणेला चागोसजवळचा ४ कोटी ९० लाखांचा. आणखी पुढे, मास्करीन पठारावरचा ३ कोटी ३० लाखांचा. रांगेच्या शेवटी मॉरिशस, त्याचे सगळ्यात जुने खडक ८० ते ९० लाख वर्षांचे. आणि टोकाला रेयुनियन. तिथला पितों द ला फुर्नेझ आजही वारंवार लाव्हा ओकतो. २००७ मध्ये तर त्याच्या माथ्यावरच्या खळग्याचा तळ सुमारे ३०० मीटर खाली कोसळला.

हे चित्र इतकं सुबक आहे की संशय यायला हवा. तो घेणारे आहेतही. आयआयटी मुंबईतले हेतू शेठ यांनी या झोताच्या मॉडेलवर सातत्याने हरकती घेतल्या आहेत. त्यांच्या मते भूकवच ताणलं जाऊन फाटणं हेच दख्खनच्या उद्रेकांचं कारण असू शकतं, त्यासाठी खालून झोत यायची गरज नाही. बहुतेक भूवैज्ञानिक आज झोताच्या बाजूने आहेत, पण हा प्रश्न बंद झाला असं मी तुम्हाला सांगणार नाही.

हे सगळं आज का लिहितेय, तर मॉरिशसमध्ये माझ्याकडून झालेल्या एका चुकीमुळे.

अर्काइव्हच्या कामासाठी गेले होते, तेव्हा तिथल्या मराठी मुलांपुढे बोलायची संधी मिळाली. मी नकाशा दाखवला, डागांची रांग दाखवली. एका मुलीने विचारलं, "ताई, म्हणजे आमची जमीन आणि महाराष्ट्राची जमीन एकच ना? म्हणजे आम्ही इथलेच ना?" मी "हो!" म्हणून टाकलं. टाळ्या पडल्या. रात्री मात्र झोप लागेना.

एक तर ते खरं नव्हतं. मॉरिशसचा दगड दख्खनमधून आलेला नाही. उगम एकच असला, तरी तो दगड कोट्यवधी वर्षांनी वेगळा वर आला. आणि दुसरं जास्त टोचलं. लाव्हा एक म्हणून आम्ही इथले, असं म्हटलं की मधली माणसं पुसली जातात.

दुसऱ्या दिवशी क्युरपीपला त्रू ओ सेर पाहायला गेले. इथे खरोखरच तोंड आहे: शेतीभाती आणि घरांच्या मध्ये एक टेकडी, वर गोल खळगा, आत झाडी, कडेने फिरायला येणारी माणसं. तुमच्या प्रश्नातलं चित्र एकदाचं समोर होतं. परत येताना उसाच्या शेतांत मात्र दुसरंच काही दिसलं. काळ्या दगडांचे रचलेले ढीग, काही घराएवढे उंच. लाव्हाने भरलेल्या या जमिनीत ऊस लावायचा तर आधी दगड वेचावे लागतात. ते आधी आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी वेचले. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. त्याच्या आदल्या वर्षापासूनच भारतातून करारबद्ध मजूर आणायला सुरुवात झाली होती. पुढच्या ८०-९० वर्षांत साधारण साडेचार लाख माणसं आली. बहुतेक कलकत्त्याहून, पण मुंबई बंदरातूनही आली, आणि त्यांत कोकण-सह्याद्रीतले मराठी होते. तिथे अजून सांगतात की मजुरांना म्हणे आमिष दाखवलं जायचं, दगड उलटा, खाली सोनं सापडेल. दगड उलटले. खाली आणखी दगड होते.

रत्नागिरीकडच्या माणसाला तो दगड आणि ती माती अगदीच परकी वाटली नसेल. कोकणातला जांभा आणि मॉरिशसमधल्या शामरेलची रंगीत माती, दोन्ही बेसॉल्ट कुजूनच झालेत. पण म्हणून त्याचं काम हलकं झालं नाही.

त्या मुलीला मी नंतर ईमेल लिहिली. "तू इथलीच आहेस, पण मी दिलेलं कारण चुकलं. तू इथली आहेस ती त्या ढिगांमुळे. आणि ते ढीग एकट्या मराठी माणसांनी रचलेले नाहीत, हेही लक्षात ठेव." तिचं उत्तर आलं. तिच्या आजीच्या घरामागे असाच एक ढीग आहे, आणि त्यावर आता भोपळ्याचा वेल चढवलाय.

तर, तोंड कुठाय? दख्खनमध्ये एक तोंड नाही, भेगा आहेत, आणि त्या शांत होऊन ६ कोटींवर वर्षं झाली. क्युरपीपला आहे, पण मॉरिशसमधले शेवटचे उद्रेकही हजारो वर्षांपूर्वीचे. जागं तोंड बघायचं तर रेयुनियनला जा. पण तुम्ही दुबईत असा की न्यू जर्सीत, "आपण इथले कसे?" असं कुणी विचारलं, तर माझ्यासारखं नकाशाकडे बोट दाखवून मोकळे होऊ नका. तिथे आधी कुणी दगड वेचले, ते शोधा. सापडलं तर आम्हालाही कळवा.